मेजरसाहेबांचं टेबल

गेल्या महिन्यात गावाहून फोन आला. कमान समितीचे कोणी सचिव बोलत होते. मी मुर्री गावातल्या माझ्या घरात दुपारचा चहा गाळत होते, एका हातात गाळणी आणि एका हातात फोन. "ताई, मेजरसाहेबांच्या नावाची कमान उभी झाली आपल्या गावात. उद्घाटनाले मोठे लोक येऊन राहिले. स्मरणिका काढून राहिलो आमी, तर वडिलांवर चार ओळी लिहून द्या न तुमी." मी विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "लिहा न, मालगुजार घराण्यातले, फौजेतले अफसर, एवढ्या जमिनीचे मालक, पन राहनी कशी शिस्तीची. पोरायले प्रेरणा भेटली पाहिजे." मी कमान कुठे उभी केली तेवढं विचारलं. त्यांनी जागा सांगितली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच राहिला. त्या जागेबद्दल पुढे सांगते, कारण आधी ती जागा कोणाची होती ते कळायला हवं.

बाबूजी फौजेत होते तोवर आमचं घर बायकांचं होतं. ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, पाहुण्यासारखे, आणि जायचे. आमगावच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळापासून थोडं आत आमचं गाव. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्याने कधीच गेली होती, पण गावाच्या तोंडातून गेली नव्हती. आजोबा वारले तरी लोक आमच्या घराला मालगुजाराचं घर आणि मायला मालकीण म्हणायचे. माय मात्र मालकिणीसारखी कधी वागल्याचं मला आठवत नाही. सकाळी चुलीपाशी तिच्या बांगड्यांचा आवाज, धान कांडायच्या ढेकीघरातून येणारा कोंड्याचा वास, लाखोळीच्या डाळीला दिलेली लसणाची फोडणी, आणि मग चुलीसमोर पाटावर बसून आम्ही सगळ्या जेवायचो. मी, माय, आणि घरकामाला येणारी सखूकाकी. भात थेट पातेल्यातून ताटात पडायचा, वाफ नाकात जायची, माय म्हणायची, "खाऊन घे गरम गरम, गार भाताचं का तोंड पाहाचं?" मायला गरम भात फार आवडायचा. एवढी एकच आवड होती तिची. तिला लुगडी नको होती, दागिने नको होते. भात मात्र चुलीवरून उतरला की लगेच हवा, तोंड पोळलं तरी चालेल.

बाबूजी पेन्शनीवर घरी आले तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. आले ते लोखंडी पेट्या, बूट ठेवायचे लाकडी साचे आणि एक पितळी शिटी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात शिटी वाजली. सगळे गडी, गुरं राखणारे गायकी, सालदार धावत आले, कुठे आग लागली म्हणून. बाबूजींनी त्यांना एका ओळीत उभं केलं आणि हजेरी घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळं शिटीवर झालं. बैल सोडायचे शिटीवर, गुरांपुढे तणस टाकायची शिटीवर, शिटी वाजली की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा पांगायच्या. गडी माणसांशी ते मराठी बोलायचेच नाहीत. ज्या गावात त्यांची नाळ पुरली होती त्या गावात ते फौजेतली हिंदी बोलायचे. "सीधे खडे रहो. नजर सामने." आमच्या गायक्याची एक नजर जन्मापासून तिरपी होती. त्यालाही ते रोज हेच सांगायचे, आणि तो बिचारा रोज मान फिरवून बघायचा की सामने म्हणजे कुठे.

मग टेबल आलं. स्वतःच्या जंगलातला साग पाडून, सुतार घरी बसवून बाबूजींनी ते करून घेतलं. बारा माणसं जेवतील एवढं लांब. त्याच्यासाठी मधली खोली रिकामी केली, तिथला धान साठवायचा ढोला बैलांच्या कोठ्यात हलवला. टोकाच्या खुर्चीवर बाबूजी, त्यांच्या डाव्या हाताला मी, बाकी दहा जागा रिकाम्या. आणि भिंतीला पाठ लावून माय. फौजेच्या मेसमध्ये जसा वाढपी उभा राहतो तसं तिने उभं राहायचं. बाबूजींची नजर ताटाकडे गेली की भात, वाटीकडे गेली की डाळ. बोलायचं नाही. पहिलं सूप लागायचं. आमच्या घरात सूप म्हणजे धान पाखडायचं. मायला ते काय असतं हे समजावून सांगितल्यावर ती लाखोळीची डाळ पातळ करून, गाळून, बशीत आणायची. बाबूजी ती चमच्याने प्यायचे आणि म्हणायचे, "हं. बेहतर." मलाही काटा-चमचा धरायला शिकवलं. काट्याने भात खाताना मी अर्धा सांडायची आणि माय भिंतीपासून पुढे येऊन फडक्याने टिपून घ्यायची. मी बसलेली आणि माझी माय माझी सांडलवंड पुसतेय. त्या वयात मला लाज वाटली ती भात सांडल्याची. आज मला जो राग येतो तो त्या टेबलाच्या लांबीचा येतो. दहा खुर्च्या रिकाम्या होत्या हो! एका बाईला बसायला किती जागा लागते?

बाबूजींचं जेवण होईपर्यंत तिचं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं असायचं. ते हळू जेवायचे, मग पाइप ओढायचे, आणि पाइप संपेपर्यंत तिने हलायचं नाही. मग ती आत जाऊन थिजलेला भात खायची. सखूकाकी म्हणायची, "मालकीन, मी गरम करून देतो न." माय म्हणायची, "राहू दे. पुन्हा चुलीत जार कायले घालतेस?"

सखूकाकीचा नवरा दुलीचंद. आम्ही त्याला दुलीकाका म्हणायचो. वर्षाच्या बोलीवर आमच्याकडे राबणारा सालदार, आमच्या मानाच्या बैलजोडीचा हाक्या. उंच, काळा, कानात बाळी, आणि तोंडाने एवढा वाचाळ की धानाच्या बांधीत रोवणी चालू असली की बाया त्याला मुद्दाम कडेच्या धुऱ्यावर उभा करून बोलायला लावायच्या. गावात शिरताना वेशीवर, आमच्या कोठ्याच्या पाठीमागे, त्याचं घर होतं. जमीन मालगुजाराची, पण भिंती त्याने स्वतःच्या हाताने चढवल्या होत्या, कौलं सडक अर्जुनीकडून बंडीत भरून आणली होती. दारात भोपळ्याचा वेल. मला रुसायचं असलं की मी त्या वेलाखाली जाऊन बसायची.

आता पोळ्याचं सांगते. आमच्याकडे पोळ्याला गावची सगळी बैलं आखरावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभी राहतात. मालगुजाराची मखर बांधलेली जोडी सगळ्यांच्या पुढे, तोरण तोडायचा मान तिचा. मग झडत्या होतात. झडती म्हणजे चार यमकं जुळवून केलेली आरोळी, शेवटी महादेवाचं नाव. ज्याला जे म्हणायचं ते त्या दिवशी तोरणाखाली म्हणायचं. सावकाराला म्हणा, पाटलाला म्हणा, सासूला म्हणा. ऐकणाऱ्याने हसायचं आणि सोडून द्यायचं, कारण ते महादेवासमोर बोललेलं असतं. आजोबांना तर लोक तोंडावर कंजूष म्हणायचे आणि आजोबा दाद देऊन आणखी एक मागायचे. बाबूजींचा घरी आल्यानंतरचा तो पहिलाच पोळा. ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत खुर्चीवर बसले होते. आम्ही बायका बाजूच्या चिंचेखाली आरतीची ताटं घेऊन. दोन-चार झडत्या झाल्या, हशा झाला, आणि आमच्या जोडीची वेसण धरून दुलीकाका पुढे आला. त्याने मान वर करून आरोळी दिली.

"शिटी वाजे कोठ्यात, बैल उभे थाटात,
मालक बसे टेबलाले, चमचा धरून हातात,
बैलाले बी भेटे बसाले दुपारच्या वक्तात,
मालकीन उभी भितीले, भात थिजे ताटात,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

आखर हसून फुटला. पहिल्या दोन ओळींना मीही हसले. चौथी ओळ आली आणि माझं हसणं थांबलं. मी मायकडे बघितलं. ती आरतीच्या ताटातला विझलेला दिवा पुन्हा पुन्हा लावत होती. रोज डोळ्यांसमोर होतं ते मला कोणी दाखवलं नव्हतं. ते दुलीकाकाने दाखवलं, आणि हसत हसत दाखवलं. बाबूजी मात्र हसले नाहीत. तोरण तुटलं, बैलं मारुतीकडे पळाली, तरी ते खुर्चीवर तसेच ताठ बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली माणसं नारबोद वेशीबाहेर नेत होती. मारबतीच्या पुतळ्यालाच आमच्याकडे नारबोद म्हणतात. रोगराई, पीडा घेऊन जा म्हणून आरोळ्या चालल्या होत्या आणि इकडे आमच्या ओसरीवर कोर्ट भरलं होतं. दुलीकाका अंगणात उभा. बाबूजी म्हणाले, "दुलीचंद, तुमने सबके सामने अफसर की बेइज्जती की है. माफी भी सबके सामने होगी. उसी जगह, उसी दिन. अगले पोले को, तोरण के नीचे, बोलना पडेगा कि जो कहा वह झूठ था. नहीं तो मकान खाली." दुलीकाका पहिल्यांदा हसला, त्याला वाटलं मालक गंमत करतायत. मग त्याने बाबूजींचं तोंड पाहिलं. पोळ्याची झडती कोणी मनावर घेतली असं त्या गावात त्याआधी कधी झालं नव्हतं. आणि माफीसाठी तोरणच निवडावं हेही माझ्या बापालाच सुचू शकतं. जिथे कोणाचंही तोंड धरता येत नाही, नेमकी तीच जागा! फौजेतल्या पुस्तकात पोळा नव्हता, म्हणून त्यांच्या लेखी तो नव्हताच.

ते वर्ष कसं गेलं ते सखूकाकीच्या चेहऱ्यावर दिसायचं. भांडी घासताना तिचा हात मधेच थांबायचा. दुलीकाका बोलेनासा झाला. रोवणीला बाया म्हणायच्या, "बोल न रे दुली, मुका झाला का?" तो नुसता मान हलवायचा. मायने बाबूजींना दोनदा विनवलं, उभ्यानेच. ते म्हणाले, "डिसिप्लिन में दया नहीं होती." मग तिने दुलीकाकाला कोठ्यात गाठलं. मी तणशीच्या ढिगावर बसले होते, त्यांना मी दिसत होते. "म्हणून टाक न रे दुली. दोन शब्दाचं तर काम आहे. लेकराबाळांचं घर जाईल. माझ्यासाठी कायले घर मोडतेस?"

दुलीकाका बैलाचा खांदा चोळत होता. म्हणाला, "म्हनलो असतो मालकीन. मालकाच्या पाया पडाले मले का लाज? पन मंग मले म्हना लागन का तुमी उभ्या नाई रायत. तोरनाखाली, महादेवाच्या पुढं, खोटं कसं म्हनू मी?" माय बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मग घरात गेली, कारण जेवणाची शिटी झाली होती.

पुढचा पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले, त्यांना जेवणाचं आवतण दिलं, माय सकाळपासून सुवाऱ्या आणि वडे तळत होती. बाबूजी निघाले ते पूर्ण वर्दीत, छातीवर पदकं लावून. पोळ्याला वर्दी! आजूबाजूच्या गावांतूनही लोक आले होते, कारण गोष्ट सगळीकडे पसरली होती. त्या वर्षी एकही झडती झाली नाही. आमच्या जोडीच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. बाबूजी खुर्चीवरून उठले. "बोलो, दुलीचंद."

दुलीकाकाने तोंड उघडलं. मिटलं. सखूकाकी चिंचेच्या बुंध्याला धरून खाली बसली. बाबूजी पुन्हा म्हणाले, "हम सुन रहे हैं. बोलो, झूठ था." दुलीकाकाने वेसण आवळून धरली होती आणि बैल मान झटकत होता. एवढा उंच माणूस, आणि तो खांदे आत घेऊन असा उभा होता की माझ्या डोक्यात तिडीक गेली. भीती वगैरे काही वाटली नाही, खोटं कशाला सांगू? बापाच्या छातीवरची ती पदकं चमकताना दिसत होती आणि मला नुसता राग येत होता. बायका झडती म्हणत नाहीत, पोरी तर नाहीच नाही. मी आरतीचं ताट सखूकाकीच्या मांडीवर ठेवलं, पुढे झाले आणि ओरडले, "शिटी वाजे कोठ्यात, बैल उभे थाटात!"

सगळ्या माना वळल्या. बाबूजी म्हणाले, "बेबी, पीछे जाओ." मी दुसरी ओळ म्हटली. तिसरी म्हटली. चौथीला माझा आवाजच बंद पडला. माय माझ्या मागे उभी होती, आणि तिच्यासमोर, एवढ्या लोकांत, तिच्या थिजलेल्या भाताचं मी कसं म्हणणार? आता माझंही दुलीकाकासारखंच झालं, सगळा आखर माझ्या तोंडाकडे बघतोय आणि तोंडातून शब्द नाही.

मागून आवाज आला. मोठा नाही, घरात आणखी भात हवा का असं विचारावं तेवढाच. "मालकीन उभी भितीले, भात थिजे ताटात."

माय बोलली होती. डोक्यावरचा पदर सरळ, हातात आरतीचं ताट, नजर समोर. माझ्या बापाने गावाला वर्षभर शिकवलं होतं ना, नजर सामने, तशी. मग तिने ताट थोडं वर उचललं आणि म्हणाली, "एक नमन गौरा पारबती..." आणि थांबली. पुढचं गावाने म्हणायचं असतं. क्षणभर वाटलं गाव म्हणत नाही. मग आमचा तो तिरप्या नजरेचा गायकी ओरडला, "हर बोला!" आणि आखर उठला. "हर हर महादेव!" बैलं बिथरली. कोणाच्या जोडीने तोरण तोडलं ते कळलंसुद्धा नाही, आमच्या जोडीने नव्हतं एवढं खरं. मालगुजाराची जोडी मखर सांभाळत सगळ्यांच्या मागून मारुतीला गेली.

त्या संध्याकाळी जेवणाची शिटी वाजली. बाबूजी वर्दीतच टेबलाशी बसले. मी माझ्या जागेवर. भिंत रिकामी होती. थोड्या वेळाने बाबूजी खुर्चीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "उसको बोलो, आकर बैठे. यह हमारा हुक्म है." मी आत गेले. माय चुलीसमोर पाटावर बसली होती, शेजारी सखूकाकी. ताटात भाताची वाफ निघत होती. मी निरोप सांगितला. ती म्हणाली, "त्यायले सांग, मी बसली आहो." आणि घास घेतला. तोंड पोळलं तशी फुंकर घातली आणि हसली. मी बाहेर जाऊन निरोप दिलाच नाही. तिथेच पाट ओढला.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज एवढी संतापले नसते. बाबूजींनी दिलेला शब्द पाळला. शब्दाचे पक्के होते, असं स्मरणिकेत येईलच. पोळा झाल्यावर, भर पावसाळ्यात, त्यांनी गडी लावून दुलीकाकाच्या घराची कौलं उतरवली. शिटी वाजली की एक रांग खाली. गावातले जे लोक हर हर महादेव म्हणून ओरडले होते तेच लोक रांगेत उभे राहून कौलं हातोहात देत होते. त्यांचाही राग मला अजून गेलेला नाही. दुलीकाका सखूकाकीला आणि पोरांना घेऊन सडक अर्जुनीला गेला, हायवेवरच्या एका ढाब्यावर पाणी भरायला लागला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई, तिसरी ओळ घाईत म्हनली तू. थोडं थांबाचं रायते." मला नागपूरच्या वसतिगृहात धाडण्यात आलं. बाबूजी पुढे जितकी वर्षं जगले तितकी वर्षं त्या टेबलावर एकटे जेवले, आणि माय चुलीपाशी बसून, त्यांच्या आधी, गरम जेवली. दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलले. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं की चुकलं, तरी मी आज वेगळं लिहिलं असतं. नाही म्हटलं. माय गेली तेव्हाही नाही.

तर ती कमान. वेशीवर, आमच्या पडक्या कोठ्याच्या पाठीमागे, जिथे भोपळ्याचा वेल होता तिथे तिचा उजवा खांब आहे. दुलीकाकाच्या चुलीवर माझ्या बापाचं नाव उभं केलंय.

काल समितीचा पुन्हा फोन आला. "ताई, झाल्या का चार ओळी?" मी म्हटलं, झाल्या आहेत, केव्हाच्या झाल्या आहेत, लिहून घ्या. मी सांगत गेले, ते लिहून घेत गेले. तिसऱ्या ओळीला थोडं थांबले. चौथी झाली. मग ते हळूच म्हणाले, "ताई, हे कसं छापाचं? खाली नाव कोनाचं टाकाचं?"

"दुलीचंदचं टाका," मी म्हटलं. "आणि चौथ्या ओळीसमोर माझ्या मायचं. ती तिने स्वतः म्हटली होती, शेवटचं उभं राहून."